विश्रामने लग्न सेव्ह केलं त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गाव लहान, गिरणी त्याहून लहान, भोळेपणा मात्र दोन्हींत मावत नव्हता. नाव त्याचं विश्राम.

सांगितलेलं काम विश्राम सांगितलं तसंच करायचा. आई म्हणाली, "पाहुण्यांना दारापर्यंत सोडून ये." विश्रामने त्यांना त्यांच्या दारापर्यंत सोडलं. सात मैल. पाहुणे वाटेत तीनदा म्हणाले, "आता फीर बाबा माघारी." हा म्हणाला, "दार कुठंय?"

अशा मुलाचं लग्न व्हावं, ही त्याच्या आईची, यमुनाकाकूंची इच्छा. इच्छेला काय, ती काहीही करावी. पण विश्रामचीही तीच इच्छा होती आणि ती एकाच मुलीवर अडली होती. मोहगावच्या आबा खराड्यांची कावेरी दर पंधरा दिवसांनी ज्वारी घेऊन यायची. एकदा तिने विचारलं, "पीठ बारीक येईल ना?"

विश्राम म्हणाला, "किती बारीक?"

"फुंकलं तर उडेल इतकं."

विश्रामने फुंकून बघितलं. अख्खा डबा फुंकला. दोघं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झाले. दुसरी एखादी असती तर गिरणी डोक्यावर घेतली असती. कावेरी पोट धरून हसली. त्या दिवसापासून विश्रामला जेवण जाईना. यमुनाकाकूंनी मोहगावला निरोप धाडला. तिकडून उत्तर आलं, "या, बघू."

आता विश्राम घाबरला. परक्याच्या घरी जाऊन करायचं काय असतं? आई सांगणारच होती. पण आईचं कोण ऐकतं? तो शहाण्या माणसांकडे गेला.

गावात शहाणी माणसं एकाच ठिकाणी बसत. दिगंबरशेठच्या झेरॉक्सच्या दुकानावर माळा होता. माळ्यावर एक जुना कॉम्प्युटर, एक पंखा आणि चार खुर्च्या. पुरुषांना बसायला जागा मिळाली की तिचं मंडळ होतं, तसं इथंही झालं होतं. चाळिशी ओलांडलेले हे चार बाप्ये दर शनिवारी दुपारी अ‍ॅडव्हेंचर गेम खेळत. म्हणजे पडद्यावर एक हिरो असतो. त्याला राजवाड्यात, नाहीतर भुताच्या बेटावर सोडायचं. त्याने वस्तू उचलायच्या, माणसांशी बोलायचं, कोडी सोडवायची आणि शेवटी राजकन्या नाहीतर खजिना मिळवायचा. यांच्या स्वतःच्या घरात नळ गळत होते. ते कोडं कुणी सोडवत नव्हतं. बायका मात्र शनिवारी यांना आनंदाने धाडत. तेवढंच घर मोकळं.

चौघांतले दोघं बोलायचे, दोघं मान हलवायचे. बोलणारे म्हणजे दिगंबरशेठ आणि शाळेतले चित्रकलेचे सातपुते मास्तर. दोघांचं कशावरच पटत नसे.

विश्राम माळ्यावर चढला तेव्हा वाद ऐन रंगात आला होता.

"पहारेकऱ्याला झोपवायचं तर त्याच्या शिरस्त्राणात मुळ्याची भाजी ठेवायची," दिगंबरशेठ सांगत होते. "काय डोकं लढवलंय! हसून हसून मेलो मी."

"यात हसण्यासारखं काय? मुळ्याच्या भाजीने माणूस झोपतो?"

"झोपत नाही, तोच तर विनोद!"

"हा विनोद नाही शेठ, हा छळ आहे. कोड्याला तर्क पाहिजे. माझ्या आवडत्या खेळात तीन पायऱ्या चुकीच्या उतरलं की माणूस मरतो. याला म्हणतात दर्जा."

"मरणात कसला दर्जा? विनोदी खेळात कुणी मरत नाही. कितीही माती खा, पुढे सगळं गोड होतं. म्हणून तर आम्ही खेळतो."

"शेठ," विश्राम म्हणाला, "मी उद्या मोहगावला मुलगी बघायला चाललोय. नव्या ठिकाणी गेल्यावर पहिल्यांदा काय करायचं?"

शेठनी पडद्यावरची नजर काढली नाही. "नव्या ठिकाणी? दिसेल ती वस्तू उचलायची. पुढे कधी काय लागेल सांगता येत नाही."

"हां, यात मात्र दुमत नाही," मास्तर म्हणाले.

विश्रामने मान हलवली आणि ते डोक्यात घट्ट बसवलं.

दुसऱ्या दिवशी मोहगावला पोहे झाले, चहा झाला. कावेरी मान खाली घालून बसली होती, म्हणजे हसू लपवत होती. आबा खराडे शेतीचं विचारत होते, विश्राम उत्तरं देत होता. सगळं कसं झक्क चाललं होतं. निघताना विश्राम आबांच्या पाया पडायला वाकला आणि खिशातून खणकन अडकित्ता पडला. पाठोपाठ नळाची चावी. मग चहाची गाळणी, एक तुटका चिमटा, पोरांचा भोवरा आणि आबांचा चष्मा.

आबांनी विचारलं, "हे काय आहे?"

"पुढे लागेल," विश्राम म्हणाला.

यमुनाकाकूंनी पदर तोंडावर घेतला. आबा काठी शोधू लागले. ती विश्रामच्या काखेत होती.

तेवढ्यात आतून आबांची बहीण आली. ठमाआत्या तिचं नाव. त्या घरात आबा बोलत आणि ठमाआत्या ठरवत. तिने जमिनीवरचा माल पायाने उलटापालटा करून पाहिला.

"दादा, कोनाड्यात चांदीचा पेला होता. तो याने घेतला का?"

"नाही."

"चोर असता तर पेला घेतला असता. याने मोडका चिमटा घेतला. हा चोर नव्हे, हा येडा आहे. आपल्या घरात दोन पिढ्या शहाणे जावई आले, त्यांनी काय दिवे लावले? राहू दे स्थळ."

आत कुणीतरी खुदकन हसलं. स्थळ राहिलं.

शनिवारी विश्राम माळ्यावर गेला आणि सगळं सांगितलं. दिगंबरशेठनी कपाळावर हात मारून घेतला. खेळातला हिरो विहिरीत पडला होता, म्हणून.

"वस्तू कसल्या गोळा करतोस? आधी माणसांशी बोलायचं. प्रत्येकाशी."

"आणि एकदा नाही," मास्तर म्हणाले. "तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा. जोवर नवीन उत्तर येतंय तोवर त्या माणसात काहीतरी शिल्लक आहे. तेच तेच उत्तर यायला लागलं की समजायचं, याच्यातलं संपलं. मग पुढचा माणूस."

विश्रामने मान हलवली. हेही डोक्यात घट्ट बसवलं. त्याच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट बसायची, त्यामुळे आधीची खाली पडली.

त्याच आठवड्यात आबांचे चुलते वारले. वय ब्याण्णव. होणारे पाहुणे म्हणून यमुनाकाकू विश्रामला घेऊन भेटायला गेल्या. वाटेत बजावलं, "तिथं जास्त बोलायचं नाही. 'कसं झालं' एवढं विचारायचं आणि गप बसायचं."

ओसरीवर मंडळी बसली होती. विश्राम म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलाजवळ टेकला.

"कसं झालं?"

"रात्री जेवले, झोपले, सकाळी उठलेच नाहीत."

"कसं झालं?"

मुलाला वाटलं, पोराला ऐकू आलं नसेल. "झोपेतच गेले हो. आमटी मागून खाल्ली होती."

"कसं झालं?"

"झोपेत गेले."

"कसं झालं?"

"अहो, झोपेत गेले!"

"यांच्यातलं संपलं," विश्राम म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे सरकला.

त्याने दोन मुलगे संपवले, तीन जावई संपवले, शेजारचे पाटील संपवले. पाटलांच्यात जरा जास्त शिल्लक होतं, कारण त्यांना म्हाताऱ्याच्या तरुणपणच्या भानगडी माहीत होत्या. प्रत्येक फेरीला नवीन भानगड. ओसरी कान टवकारून ऐकत होती आणि थोरल्या मुलाचं तोंड बारीक बारीक होत होतं. शेवटी विश्राम म्हाताऱ्याच्या बायकोपाशी जाऊन बसला.

"आजी, तुमच्यात काही आहे का अजून?"

म्हातारी चार दिवस गप्प होती. तिने मान वर केली. म्हणाली, "आहे की. पाटलाने सांगितल्या त्या निम्म्याच."

आणि तिने उरलेल्या सांगितल्या. सासऱ्यांपासून सुनांपर्यंत सगळ्यांच्या. संध्याकाळपर्यंत घरात दोघे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

आबा गरजले, "हे स्थळ बंद!"

ठमाआत्या म्हणाली, "का बंद? काकूने चार दिवसांनी तोंड उघडलं, भाकरी मागून खाल्ली. तुमच्या एका तरी शहाण्याला जमलं का ते?"

स्थळ पुन्हा राहिलं. मात्र आबांनी बोट वर केलं. "आता आणखी एक चूक आणि संपलं. माझी मुलगी विहिरीत ढकलीन, पण याला देणार नाही."

"आधी विहिरीवरचा रहाट दुरुस्त करा," ठमाआत्या म्हणाली.

शनिवारी विश्राम माळ्यावर. तोंड एवढंसं. "मास्तर, बोलूनही होत नाही. मग काय करायचं?"

मास्तर चिडले. खेळात ते तीन शनिवार एकाच बंद दरवाजापाशी अडकले होते. "बोलून होत नसेल तर एक वस्तू दुसरीवर वापरून बघायची. सगळं सगळ्यावर! काहीतरी जमतंच."

"याला मास्तरांचा तर्क म्हणतात," शेठ म्हणाले. मान हलवणारे दोघं हसले.

विश्राम हसला नाही. त्याने मान हलवली, आणि आधीची गोष्ट डोक्यातून खाली पडली.

तारीख ठरवायला मोहगावला बैठक भरली. दोन्हीकडची वीस माणसं, भटजी, पंचांग, पाटावर लाडू. तेवढ्यात आडाचं पाणी ओढताना दोर तुटला आणि घरातला एकुलता पोहरा आडात पडला. पोहरा काढायचा लोखंडी गळ शेजाऱ्यांकडे, आणि शेजारी कुलूप लावून लग्नाला गेलेले. घरात पाण्याचा थेंब नाही, वीस माणसं तहानलेली. आबा घामाने डबडबले.

विश्राम उठला.

त्याने छत्री घेतली आणि ताकात बुडवून पाहिली. "जमत नाही," म्हणाला. लाडू भटजींच्या पंचांगात ठेवून पंचांग मिटलं. "जमत नाही." आबांचा चष्मा लोणच्याच्या बरणीला लावून पाहिला. "जमत नाही." भटजींच्या वहाणा चुलीवर ठेवल्या. जमलं नाही, पण वास सुटला. यमुनाकाकू देवाचं नाव घेत होत्या. आबांचं बोट हळूहळू वर चाललं होतं.

मग विश्रामने आबांच्या डोक्यावरचा नवाकोरा रेशमी फेटा उलगडला आणि त्याचं टोक ताकातल्या छत्रीला बांधून पाहिलं. आणि ते जमलं. बांधलेली छत्री घेऊन तो आडाकडे गेला, कारण अजून ती आडावर वापरून बघायची राहिली होती. छत्रीची वाकडी मूठ आत सोडली, ढवळली, ओढली. मुठीत अडकून पोहरा वर आला. पोहऱ्यात मागच्या वर्षी हरवलेला पितळी तांब्या होता.

लोकांनी टाळ्या पिटल्या. आबांनी भिजलेल्या फेट्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि बोट खाली घेतलं. कावेरीने आडाचं पहिलं पाणी विश्रामला दिलं. म्हणाली, "तुमच्यासोबत माणसाला कंटाळा यायचा नाही." विश्राम इतका सुखावला, की पाणी प्यायचं विसरला. कुणी पी म्हणालंही नव्हतं.

तारीख ठरली. मूर्ख माणसाचं एकदा बरोबर आलं की त्याच्यासारखा घात नाही. आता विश्रामची खात्री पटली, की माळ्यावर सांगतात तेच खरं.

लग्नाच्या आदल्या शनिवारी तो पेढे घेऊन गेला. पेढे मंडळाने खाल्ले. तोंडात पेढा असूनही वाद थांबत नव्हता.

"तुम्हाला विनोदी खेळ खेळताच येत नाही मास्तर," दिगंबरशेठ म्हणत होते. "प्रश्न आला की लगेच बरोबर उत्तर देऊन मोकळे! खरा रसिक आधी चुकीचं उत्तर देतो. सगळी गंमत त्यातच असते. बरोबर उत्तर कुठं पळून जातं का?"

"आणि चुकीचं उत्तर अंगाशी आलं तर?" विश्रामने विचारलं.

"म्हणून आधी सेव्ह करायचं," मास्तर म्हणाले. "ती जागा जपून ठेवायची. अंगाशी आलं की तिथं परत जायचं. होतो तस्सेच उभे, आणि पुन्हा सुरू. काही बिघडत नाही."

"बरोबर बोललात," शेठ म्हणाले.

दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण एकमत झालं. विश्रामने मान हलवली.

लग्न विश्रामच्याच गावी होतं, शाळेच्या पटांगणात. मांडव गिरणीपासून हाकेच्या अंतरावर. सकाळी मुंडावळ्या बांधून विश्राम गिरणीच्या दारात उभा राहिला. उजव्या हातात नारळ, डावा हात कमरेवर, डावा पाय पायरीवर. फोटोवाल्याला म्हणाला, "काढ."

फोटोवाल्याने काढला.

"सेव्ह झालं?"

"झालं."

"पुसलं जायचं नाही ना?"

"अहो, पन्नास वर्षं टिकेल!"

विश्रामच्या जिवाला स्वस्थता आली. असा निवांत नवरदेव गावाने पाहिला नव्हता.

मांडव भरला. मंगलाष्टकं झाली. "शुभमंगल सावधान" म्हणत भटजींनी अंतरपाट काढला. समोर कावेरी, हातात हार. तिचे हात वर होण्याआधी विश्रामचे वर झाले. तो डावीकडे वळला आणि त्याने आबा खराड्यांच्या गळ्यात हार घातला.

वाजंत्रीवाल्यांचं लक्ष फक्त हाराकडे असतं. हार पडला, ताशा कडाडला. चारशे माणसांनी अक्षता टाकल्या. आबांना काही दिसेना.

"दादा," ठमाआत्या म्हणाली, "या वयात?"

विश्राम खदखदून हसला. दिगंबरशेठ म्हणाले होते ते खोटं नव्हतं, गंमत यातच होती. मग त्याने पाहिलं, की त्याच्याशिवाय कुणी हसत नाही. म्हणजे अंगाशी आलं. हरकत नाही. तो भटजींना म्हणाला, "आलोच मागे जाऊन," आणि मुंडावळ्या सावरत धावत सुटला.

नवरदेव पळाला म्हटल्यावर मांडव पाठोपाठ पळाला. पुढे आबा, गळ्यात हार. मागे यमुनाकाकू, भटजी, करवल्या, ताशेवाले, फोटोवाला, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकणारे शेठ आणि मास्तर. बघतात तर विश्राम गिरणीच्या दारात. उजव्या हातात नारळ, डावा हात कमरेवर, डावा पाय पायरीवर, तोंडावर हसू.

"हे काय चाललंय?" आबा ओरडले.

"पुन्हा सुरू होतंय. तुम्ही मांडवात जा, नाहीतर जमायचं नाही."

यमुनाकाकूंनी दोन्ही हात जोडले. "विश्राम, लेकरा, मुहूर्त टळायला सात मिनिटं राहिलीत रे."

भटजी घड्याळ बघून म्हणाले, "सहा."

आबांनी कावेरीचा हात धरला. "चल घरी. बास झालं."

"दादा, हात सोडा तिचा," ठमाआत्या म्हणाली. "लग्न तिचं आहे. तिला विचारू दे."

कावेरी पुढे आली. शालू सावरत, हार हातात, धावून धावून गाल लाल. ताशेवाल्याने काठी काखेत धरली.

"हे बघा," ती म्हणाली. "मला चिमट्याचं काही नाही. आजोबांच्या भानगडींचं काही नाही. आबांना हार घातलात त्याचंही काही नाही, त्यांना शोभतोय. मला एकच सांगा, चारचौघांत आणि मोठ्याने. माझ्याशी लग्न करायचंय का?"

आता याचं उत्तर सगळ्या गावाला ठाऊक होतं. दोन्हीकडच्या पाहुण्यांना ठाऊक होतं. ठमाआत्याने तर डोळे पुसायला पदर हातात घेऊन ठेवला होता. विश्रामला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. ते उत्तर त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. आयुष्यात इतकं बरोबर उत्तर त्याला कधी आलं नव्हतं.

ते कुठं पळून जात नव्हतं.

"नाही!" विश्राम म्हणाला, आणि फोटोवाल्याला डोळा मारला.

कावेरीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हातातला हार गिरणीच्या दाराच्या कडीला अडकवला आणि आबांना म्हणाली, "चला." वऱ्हाड निघालं. ठमाआत्या मागे वळूनही बघायला थांबली नाही.

दिगंबरशेठ म्हणाले, "काय टायमिंग आहे! याला म्हणतात विनोद."

मास्तर म्हणाले, "विनोद कसला? शेवट झाला की हो!"

"विनोदी खेळात शेवट वाईट नसतो मास्तर."

"मग हे काय झालं?"

वाद घालत घालत दोघं माळ्याकडे गेले. पटांगणात चारशे माणसांचा भात निवत होता.

विश्राम मात्र जागचा हलला नाही. उजव्या हातात नारळ, डावा हात कमरेवर, डावा पाय पायरीवर. दळणाचा डबा डोक्यावर घेऊन एखादी बाई आली, की हसतमुखाने म्हणतो, "जरा बाजूने जा वहिनी. आता हो म्हणायचंय."